टॅकेटचे अकरा होल्स्टर

२००४च्या उन्हाळ्यात माझं पोस्टिंग अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका लष्करी तळावर झालं. मी स्पेशालिस्ट प्रज्ञा वानखडे. काम आर्मररचं, म्हणजे युनिटची शस्त्रं तपासायची आणि दुरुस्त करायची. सकाळी साडेपाचला फॉलइन, साडेसहापर्यंत धावणं, नऊ ते पाच वर्कशॉप. तिथे माझं आडनाव कुणालाही नीट घेता येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी ‘वॉन्क’ झाले.

मी मूळची नागपूरची. पंधरा वर्षांची असताना बाबांच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला आलो. ग्रीन कार्ड मिळालं आणि मी सैन्यात भरती झाले. आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबा म्हणाले, “युनिफॉर्ममधल्या माणसाला कुणी जात विचारत नाही. जा तू.”

तळावर हौशी लोकांसाठी एक छोटी पिस्तूल रेंज होती. शनिवारी सकाळी तिथे आसपासचे सिव्हिलियन येत. बहुतेक निवृत्त माणसं. रेंजची जबाबदारी स्टाफ सार्जंट रॉय टॅकेट यांच्याकडे होती. ते इन्फन्ट्रीचे, केंटकीच्या डोंगराळ भागातले, वय छत्तीस. बोलणं कमी. पहिल्या शनिवारी त्यांनी मला विचारलं, “वॉन्क, तुला साइट बसवता येते?”

“येस, सार्जंट.”

“मग तू इथेच राहा.”

अशी मी त्या रेंजची झाले. लोक पिस्तुलं आणत, मी साइट बसवून द्यायची. पिस्तुलाला मागे एक खाच असते आणि पुढे एक खुंटी. खाच, खुंटी आणि लक्ष्य एका रेषेत आणायचं. साठी उलटली की डोळ्यांना हे जमत नाही. खुंटी स्पष्ट दिसली तर लक्ष्य पुसट होतं, लक्ष्य दिसलं तर खुंटी. त्यावर उपाय म्हणजे रेड डॉट. एक छोटी काच, तिच्यात एक लाल ठिपका. ठिपका जिथे, गोळी तिथे.

मिस्टर डेल हे निवृत्त पोस्टमन होते, वय अडुसष्ट. डोळ्यांमुळे त्यांनी नेमबाजी सोडायचं ठरवलं होतं. ऑगस्टमध्ये मी त्यांच्या नाइन एमएमवर रेड डॉट बसवला आणि वीस गोळ्यांत झिरो केला, म्हणजे ठिपका आणि गोळी एका जागी आणली. एकविसावी गोळी मधोमध लागली. मिस्टर डेल चष्मा काढून पुसत राहिले.

पण काच बसवल्यावर ते पिस्तूल दुकानातल्या, कमरेला लावायच्या कुठल्याच होल्स्टरमध्ये जाईना. सार्जंट टॅकेट म्हणाले, “मी शिवतो.”

त्यांच्या गॅरेजमध्ये चामड्याचं काम चालायचं. चामडं ओलं करायचं, निळ्या प्लॅस्टिकच्या नकली पिस्तुलावर चढवायचं, हाडाच्या पट्टीनं दाबून त्याचा आकार उठवायचा. मग वाळवायचं आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं, दोन सुयांनी दोन्हीकडून टाका घालायचा. टाके सरळ आले की त्यांची बायको डार्लीन खिडकीतून म्हणायची, “हा माणूस माझ्या पडद्यांना कधी इतका वेळ देत नाही.” मी रविवारी तिथे जायला लागले आणि शिकले. घरी मात्र सांगितलं नाही. आमच्या घरात चामडं हा विषय बंद होता. माझे आजोबा अमरावतीकडच्या एका खेड्यात चपला शिवत.

ऑक्टोबरमधला एक शनिवार. सकाळी दहा वाजून आठ मिनिटं. मिस्टर डेल सहाव्या लेनवर होते. पाच गोळ्या झाल्या. त्यांनी पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवायला घेतलं. बोट ट्रिगरवर नव्हतं. मी पाहत होते. पिस्तूल आत गेलं आणि गोळी सुटली.

“सीज फायर! सीज फायर!” सार्जंट ओरडले.

मिस्टर डेल बसल्यासारखे खाली आले. उजव्या मांडीतून रक्त येत होतं, उसळून. मी कमरेच्या बेल्टला हात घातला.

“बेल्ट नको, घसरतो. बँडेज. आणि क्लीनिंग रॉड,” सार्जंट म्हणाले.

मी तिकोनी बँडेज मांडीला वरच्या बाजूनं बांधलं, गाठीत रॉडचा तुकडा अडकवला आणि पिरगाळायला लागले. सार्जंट एका हातानं जखम दाबून दुसऱ्या हातानं रेडिओवर बोलत होते.

“रेंज कंट्रोल, पिस्तूल रेंज. एक जखमी, सिव्हिलियन. मांडीत गोळी. अँब्युलन्स. ओव्हर.”

“पिस्तूल रेंज, अँब्युलन्स निघाली. सहा मिनिटं. ओव्हर.”

“वॉन्क, अजून पिरगाळ.”

“ते ओरडताहेत, सार्जंट.”

“ओरडू दे. ओरडतोय म्हणजे आहे.”

रक्त थांबलं. मी मार्करनं मिस्टर डेलच्या कपाळावर ‘टी’, म्हणजे टूर्निके, आणि १०१२ लिहिलं, डॉक्टरांना कळावं की हा आवळपट्टा कधी बांधला. ते माझ्याकडे बघत होते. “वॉन्क, काच फुटली का गं?” त्यांनी विचारलं. काच फुटली नव्हती.

अँब्युलन्स गेल्यावर सार्जंटनी होल्स्टर उचलला. चामडं मऊ पडलं होतं. तोंडाची कड आत दुमडली होती आणि त्या घडीनंच ट्रिगर दाबला होता. मिस्टर डेलनी तो पावसात भिजलेला तसाच गाडीच्या डिकीत ठेवला होता, हे नंतर कळलं. पण सार्जंटनी ते कारण घेतलं नाही.

“तोंडाला दुहेरी पट्टी हवी होती,” ते म्हणाले. “मिस्टर डेल म्हणाले पातळ कर, म्हणून मी लावली नाही. माझी चूक आहे.” रिपोर्टमध्येही त्यांनी तसंच लिहिलं.

मिस्टर डेल वाचले. पाय राहिला, थोडा लंगडत राहिला.

पट्टी नसलेले असे अकरा होल्स्टर सार्जंटनी लोकांना शिवून दिले होते. आठवडाभरात सगळ्यांकडे स्वतः जाऊन ते परत आणले. प्रत्येकाला पट्टी लावून द्यायची होती. तेवढ्यात त्यांच्या कंपनीला, म्हणजे तुकडीला, इराकला जायची ऑर्डर आली. जानेवारीत निघायचं. ट्रेनिंग दुप्पट झालं, हातात फक्त रविवार उरले.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत बाबा मला भेटायला येणार होते. मी फोनवर सांगून टाकलं.

“बाबा, सुट्टीत मला एक काम आहे. चामड्याचं. टाके घालायचे आहेत.”

“तू चामडं शिवून राहिली?”

“हो.”

“माझ्या बाबांनी मला रापीला हात लावू दिला नाही. चोरून शिकलो तर मारलं. तेवढ्यासाठी शाळेत घातलं मला.”

“माहीत आहे, बाबा.”

“येतो मी,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी ते गॅरेजमध्ये आले. अंगात ऑफिसचं जॅकेट. डार्लीननं फोल्डिंग खुर्ची दिली, त्यावर ताठ बसले. तासभर आमचे हात बघत राहिले. सार्जंट पट्ट्या कापत होते, मी शिवत होते. माझी सुई सारखी अडत होती. शेवटी बाबा मला मराठीत म्हणाले, “त्याला सांग, आधी कड पातळ कर म्हणावं. जाड कडेला टाका बसत नाही.”

“काय म्हणाले?” सार्जंटनी विचारलं. मी सांगितलं.

सार्जंटनी चाकू उलटा धरला, मूठ बाबांच्या बाजूला. “सर, दाखवता का?”

बाबांनी आधी घड्याळ काढलं, मग जॅकेट. चाकू आडवा धरून कडेवरून ओढला. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ साल निघाली. पुन्हा ओढला, पुन्हा तशीच निघाली. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या बाबांचे हात मी पहिल्यांदाच असे बघत होते.

“आमच्याकडे याला रापी म्हणतात,” ते इंग्रजीत म्हणाले.

“रॅपी,” सार्जंट म्हणाले.

“रापी.”

“रापी.”

“माझे वडील शिवायचे,” बाबा खाली बघूनच म्हणाले. “लोक चपला दुरून फेकायचे त्यांच्या पुढ्यात. हातात देत नसत.”

सार्जंटनी दुसरा होल्स्टर उचलला आणि बाबांच्या हातात दिला.

त्या तीन दिवसांत अकराही झाले. बाबा कड काढत, सार्जंट पट्टी चिकटवत, मी टाके घालत. डार्लीननं मक्याचा ब्रेड केला. त्यांच्या दोन मुली बाबांना ‘काका’ म्हणायला शिकल्या आणि दिवसभर काका, काका करत मागे फिरल्या. रविवारी मिस्टर डेल काठी टेकत आले. त्यांनी होल्स्टरचं तोंड अंगठ्यानं दाबून पाहिलं. ते दबलं नाही.

“दोष तुझा नव्हता, रॉय,” ते म्हणाले. “भिजवला मी.”

“मिटेल असं तोंड मी शिवलं होतं, सर,” सार्जंट म्हणाले.

जानेवारीत त्यांची कंपनी गेली. माझं वर्कशॉप तळावरच राहिलं. त्यांची दोन पत्रं आली. दुसऱ्यात लिहिलं होतं की तिथली धूळ साइटच्या काचेवर बसते, ब्रशची सोय कर. मी ब्रशचा डबा पाठवला. तो पोचला की नाही, मला कळलं नाही. एप्रिलमध्ये रस्त्यात पेरलेल्या बाँबनं त्यांची गाडी उडाली. स्टाफ सार्जंट टॅकेट आणि त्यांचा ड्रायव्हर, दोघं गेले. ड्रायव्हर एकवीस वर्षांचा होता. मी त्याला ओळखत नव्हते. आता त्याचंही नाव रोज घेते.

मेमोरियल सर्व्हिस तळाच्या चॅपलमध्ये झाली. सकाळी दहा वाजता. बाबा शिकागोहून आदल्या दिवशी आले होते, मी बोलावलं नव्हतं. आम्ही मिस्टर डेलच्या शेजारी होतो. पुढच्या बाकावर डार्लीन आणि मुली.

शेवटी रोल कॉल असतो. फर्स्ट सार्जंट कंपनीतल्या, मागे तळावर राहिलेल्या माणसांची नावं पुकारतात आणि प्रत्येक जण उभा राहून उत्तर देतो. दोघांनी दिलं. मग आवाज आला, “सार्जंट टॅकेट.”

शांतता.

“सार्जंट रॉय टॅकेट.”

गेलेल्या माणसाचं नाव तीनदा पुकारायचं, ही पद्धत बाबांना माहीत नव्हती. ते चुळबुळ करत पुढे वाकले आणि रांगांमधून बघायला लागले.

“स्टाफ सार्जंट रॉय टॅकेट.”

“अरे, कोणीतरी ओ द्या ना त्याला,” बाबा मराठीत म्हणाले.

मी त्यांचा हात धरला. कुणी ओ दिली नाही.