'जाते' कोण म्हणालं?

या 'अमानवीय अनुभव' धाग्यावरचे सगळ्यांचे अनुभव मी वर्षभर वाचतेय, आणि खरं सांगते, हसतेय. कोणाला वडाखाली बाई दिसते, कोणाला घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा. मी परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं काम करते. जे स्लाइडवर दिसत नाही ते नाही, एवढी माझी साधी श्रद्धा. त्यात आमचं घर बावीस प्रतिज्ञांचं. भूत, भानामती, नजर, उतारा… यातला एक शब्द जरी काढला तरी आबा भरल्या ताटावरून उठवायचे. तेव्हा खालचं सगळं माझ्यासारखीने लिहावं, यातच अर्धं आश्चर्य आलं.

आधी घर सांगते. लालबागला आमची चाळ होती, ती पाडून तिथेच टॉवर झाला. सतरावा मजला, वन बीएचके. राहतो आम्ही दोघंच. मी लता, आणि माझे वडील आबा, वय ब्याऐंशी. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं अमानवीय नाहीत म्हणून इथे देत नाही. आई नऊ वर्षांपूर्वी चाळीतच गेली. टॉवरचा नकाशासुद्धा तिने पाहिला नव्हता. मोठा भाऊ, म्हणजे दादा, नाशिकला इंजिनियर आहे आणि त्याला सगळ्यातलं कळतं.

भानगड सुरू झाली दुधावरून. आबांनी गॅसवर दूध ठेवलं आणि खुर्चीत झोपले. पातेलं करपलं. पंधरा दिवसांनी परत तेच, पण या वेळी दूध उतू जाऊन गॅस विझला आणि बटण चालूच. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. दादा तातडीने आला, आबांच्या समोर बसला आणि म्हणाला, "तिसऱ्यांदा झालं तर मी गाडी घेऊन येणार. तुम्ही नाशिकला."

आबा म्हणाले, "नाशिकला मी भांडू कोणाशी?"

ऐकायला गंमत वाटते. पण आबा अठराव्या वर्षी राजापूरहून आले ते लालबाग-परळ सोडून कुठे राहिले नाहीत. आजही सकाळी खाली बाकड्यावर त्यांच्या जुन्या गिरणीतले तिघं म्हातारे जमतात आणि संप कोणामुळे बुडाला यावर रोज नव्याने भांडतात. ते भांडण काढून घेतलं तर हा माणूस वर्ष काढणार नाही, हे मला रिपोर्ट न बघता कळत होतं. आणि माझी नोकरी अजून चार वर्षं आहे. दिवसा घरात ते एकटे.

म्हणून मी स्मार्ट होमच्या नादी लागले. महिनाभर व्हिडिओ बघितले, परीक्षेला बसल्यासारख्या नोट्स काढल्या. शेवटी घेतलं काय — दाराला बोटाचं कुलूप, हॉलमध्ये कॅमेरा, पाइपच्या गॅसला फोनवरून नाहीतर आवाजावर बंद होणारा व्हॉल्व्ह, आणि या सगळ्यांना हुकूम देणारा एक बोलका स्पीकर. आबा त्याला डबा म्हणतात. त्यांचं म्हणणं, "अर्धं आयुष्य गिरणीत साच्यावर सूत जोडलं, संपानंतर बावीस वर्षं वॉचमनकी केली. लोकांची दारं मी राखली, आणि आता माझ्यावर डब्याचा पहारा?"

कुलपाने पहिल्याच दिवशी माती खाल्ली. आबांचं बोटच त्याला वाचता येईना. दहाही बोटं लावून झाली. सूत हाताळून हाताळून आणि वयाने त्यांच्या रेषा कधीच झिजून गेल्या होत्या. कुलूप आपलं शांतपणे सांगतंय, परत प्रयत्न करा. आबा दारातच मांडी घालून बसले. म्हणाले, गिरणीच्या गेटवर बदली कामगार होतो तेव्हासुद्धा मला इतका वेळ कोणी बाहेर उभं केलं नाही. शेवटी त्यांना नंबर दाबायची सोय करून दिली.

पण खरा घोळ मी स्वतः घातला. ॲपने विचारलं, घरात येतानाचा शब्द कोणता, घराबाहेर जातानाचा कोणता? मी बीएस्सी. न विचार करता टाकलं — 'येते' आणि 'जाते'. 'येते' म्हटलं की दिवे, पंखा चालू, दार उघडं, आणि स्वागत. 'जाते' म्हटलं की दार बंद, गॅस बंद, कॅमेरा पहाऱ्यावर. बायका 'येते' म्हणोत की पुरुष 'येतो', त्याला दोन्ही कळणार होतं. एवढंच कळलं नाही — मला — की मराठी माणूस बाहेर पडताना 'येतो'च म्हणतो.

सोमवारी सकाळी मी दार ओढता ओढता सवयीने म्हटलं, "आबा, येते हं." आत भकाभक दिवे लागले, पंखा गरगरला, नुकतं लावलेलं दार खट्‌कन उघडलं आणि डबा म्हणाला, आपलं स्वागत आहे. आबा पेपर वाचत होते. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही, फक्त म्हणाले, आलीस पण?

आठवडाभर हेच. शेजारीण कढीपत्ता न्यायला आली, "येते गं" म्हणाली, तिचं स्वागत. शीव कोळीवाड्याच्या हिरामावशी आमच्याकडे कित्येक वर्षं मासळी घेऊन येतात. त्या पाटी उचलून "येते वो आबा" म्हणाल्या आणि डब्याने त्यांचं एवढं प्रेमाने स्वागत केलं, की त्या परत आत येऊन बसल्या. म्हणाल्या, एवढा बोलवतंय तर चाय घेऊनच जाते. झालं… दिवे गेले, कुलूप लागलं, गॅसही गेला. मी लॅबमध्ये, आबा डब्याशी एक शब्द बोलेनात, आणि मावशींनी घाबरून तोंडच मिटून घेतलेलं, त्यामुळे त्या चहाविना तासभर अडकल्या.

मी ठरवलं, रविवारी बसून शब्द उलटे करायचे. तोवर आपणच नीट 'जाते' म्हणू. मंगळवारी सकाळी चपला घालून मी म्हणायला गेले आणि अर्ध्यात आबांनी पेपर खाली आपटला.

"तो शब्द उंबऱ्यात काढायचा नाही."

मी म्हटलं, आबा, ही अंधश्रद्धा नाही का? तुम्हीच शिकवलंत ना? तेव्हा ते बोलले. संपाच्या दुसऱ्या वर्षी चाळ रिकामी व्हायला लागली. जो तो बोचकं बांधून गावाला. सगळे "येतो" म्हणून निघायचे. आबांच्या शेजारच्या साच्यावरचा शांताराम तेवढा वैतागून "जातो" म्हणाला. बाकीच्यांपैकी कोण दोन वर्षांनी आला, कोण दहा वर्षांनी मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. शांताराम गेला तो गेला. "अंधश्रद्धा वेगळी आणि बोलायची रीत वेगळी," आबा म्हणाले. "तुझ्या आईने चाळीस वर्षांत नळावर जाताना पण 'येते'च म्हटलं." मग मी 'येते'च म्हटलं. मी दिवे लागू दिले आणि निघाले.

आता बुधवार. दुपारी दोन चाळीसला मी लॅबमध्ये होते. फोन वाजला. स्क्रीनवर — घर रिकामं. दार बंद. गॅस बंद. मला वाटलं, आबा एकटेच कुठे निघाले. तेवढ्यात दुसरा मेसेज, रिकाम्या घरात हालचाल. कॅमेरा उघडला तर आबा खुर्चीत, मान एका बाजूला कललेली, हात थरथरतोय. पळत गेले हो मी. लिफ्ट यायला लागली ती दोन मिनिटं मी जन्मात विसरणार नाही.

आत शिरले. ओट्यावर दूध उतू गेलेलं, शेगडी विझलेली, बटण पूर्ण उघडं. पण वास नव्हता, कारण व्हॉल्व्ह बंद होता. आबांची शुगर उतरली होती. साखरेचं पाणी पाजलं. पाच मिनिटांनी डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाले, "तू इथे कशी? खाडा पडेल ना."

संध्याकाळी त्यांना बरं वाटल्यावर मी ॲप उघडलं. तिथे नोंद होती. दोन अडतीस, आवाजी आज्ञा, 'जाते'. डबा आज्ञेचा आवाज साठवून ठेवतो, तो लावला. आधी खाकरल्यासारखं काहीतरी, मग घाईतला, जरासा रागावलेला बाईचा आवाज. दोनच शब्द. "जाते हं."

आईचा आवाज होता.

मी लॅबवाली आहे, एका टेस्टवर विश्वास ठेवत नाही. टीव्ही? प्लगच काढलेला होता. कॅमेऱ्यात आबा बाकड्यावरून परतल्यापासून दार उघडलेलं नाही. शेजारीण तिच्या बँकेत. हिरामावशींना फोन केला. त्या कोळीवाड्यात, आणि म्हणाल्या, त्या डब्यासमोर मी आता खोकत पण नाही. आईचं रेकॉर्डिंग म्हणाल तर आमच्याकडे एकही नाही, तिला फोनवर बोलायचीच लाज वाटायची. कस्टमर केअरला फोन लावला. तिथल्या मुलीने विचारलं, आवाज ओळखीचा आहे का मॅडम? हो, म्हटलं. मग प्रॉब्लेम काय आहे?

आबांनी शांतपणे ऐकलं आणि निकाल दिला. "ही तुझी आई नाही. एक, तिला चौथ्या मजल्याला धाप लागायची, सतराव्यावर कशाला चढेल? दोन, ती 'जाते' म्हणणारच नाही."

मी म्हटलं, "आबा, ती 'येते' म्हणाली असती तर डब्याने नुसते दिवे लावले असते. गॅस बंद व्हायला तोच शब्द लागत होता."

आबांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "पण तिला हे सांगितलं कोणी?" मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

मेसेज दादाच्या फोनवरही गेला होता, त्याने फोन करून माझ्याकडून सगळं काढून घेतलं. गुरुवारी सकाळी तो गाडी घेऊन हजर. तिसरी वेळ, ठरल्याप्रमाणे. येताच त्याने कपाट उघडून आबांचे सदरे बॅगेत भरायला घेतले. आबा भांडलेसुद्धा नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी काही न सांगता दादाच्या हातात फोन दिला. त्याने ऐकलं. तो इंजिनियर आहे, त्याने आवाज मोठा करून ऐकलं, बारीक करून ऐकलं, खिडकीपाशी जाऊन ऐकलं. मग आला आणि बॅगेतले सदरे एकेक करून परत कपाटात ठेवले.

"नाशिकला नेलं," तो म्हणाला, "तर तिला पत्ता कोण देणार?"

यावर मी स्पष्टीकरण शोधायचं सोडलेलं नाही, पण मिळालेलंही नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा, फक्त मला भोळी समजू नका. दुपारसाठी आता एक बाई ठेवली आहे आणि शेगडीही विजेची आणली. आबा सकाळी बाकड्यावर जातात, भांडून ताजेतवाने होऊन येतात.

एक राहिलं. त्या दिवसापासून ॲप मला विचारत होतं, घरात नवा आवाज आढळला आहे, नाव द्या किंवा पुसून टाका. मी आबांना विचारलं, काय करू? आबा पेपरमागूनच म्हणाले, "नाव घालू नको. आपण मानत नाही." पान उलटलं. "पुसू पण नको."

त्यामुळे आमच्या ॲपमध्ये घरातली माणसं तीन दिसतात. तिसऱ्याच्या नावाची जागा कोरी आहे.