एक हाफ यांचा, एक हाफ त्यांचा

"पळंल की मॅडम. तरणं पोरगं हाय."

हे अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष. हाफटाइम होता. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या मैदानावरची ड्रेसिंग रूम म्हणजे पत्र्याची शेड. प्रफुल्ल, आमचा सेंटर फॉरवर्ड, बाकावर पालथा पडला होता आणि माझा अंगठा त्याच्या उजव्या मांडीच्या मागे होता. अंगठ्याखाली स्नायू कडक लागत होता. दाबलं की त्याचे पाय आखडत होते, तोंडाने मात्र पठ्ठ्या "काही नाही जी" म्हणत होता.

"तरणा आहे म्हणूनच सांगते," मी म्हणाले. "पुढची वीस वर्षं त्याला पाय लागणार आहेत."

अण्णांनी माझ्याकडे नाही, कोचकडे पाहिलं. इथूनच सगळं बिघडलं. पण मुळात ते बिघडायला कुठे लागलं ते सांगायला मागे जावं लागेल.

मी फिजिओथेरपिस्ट. सदाशिव पेठेत पहिल्या मजल्यावर माझं क्लिनिक आहे. लिफ्ट नाही. गुडघेदुखीचे पेशंट जिना चढून येतात आणि वर आल्यावर मला ऐकवतात, त्याची मला सवय आहे. मी फटकळ आहे हे मी स्वतःच सांगून टाकते, म्हणजे मागून कोणाला सांगायचे कष्ट नकोत. फुटबॉलमधलं मला फार कळत नाही. मला पाय कळतात. म्हणून क्लबने मला घेतलं.

प्रफुल्ल यवतमाळकडचा. चाकणला एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर होता. शिफ्ट संपवून प्रॅक्टिसला यायचा. पोरगा असा पळायचा की प्रेक्षकांनी त्याचं नाव 'बुलेट' ठेवलं होतं. सीझनच्या शेवटी शेवटी प्रॅक्टिसमध्ये त्याचा हॅमस्ट्रिंग फाटला. हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचा स्नायूंचा गट. तो पूर्ण तुटला नव्हता, काही तंतू तुटले होते. असं दुखणं बरं होतं. फक्त घाई चालत नाही.

आणि प्रफुल्लला नेमकी घाई होती. एका मोठ्या कंपनीची स्वतःची टीम आहे, तिथे खेळाडूंना कायमची नोकरी मिळते. त्यांचे साहेब आमची शेवटची लीग मॅच बघायला येणार होते. खास प्रफुल्लसाठी.

"मॅडम, मले उभं तरी राहू द्या मैदानावर," तो मला म्हणाला. "ते येऊन मले बेंचवर पाहतीन त काय समजतीन?"

मी आमचे कोच शेख सरांशी बोलले. सर कॅम्पातले, शांत गृहस्थ. त्यांचा खेळ म्हणजे चेंडू आपल्याकडे ठेवायचा. छोटे छोटे पास द्यायचे, समोरच्याला पळवून दमवायचं आणि फट दिसली की आत शिरायचं. याला पझेशन म्हणतात.

"माझ्या खेळात त्याला स्प्रिंट मारावीच लागत नाही," सर म्हणाले. "गोलकडे पाठ करून उभा राहील. चेंडू पायात घेईल, परत देईल. त्याचा टच सुंदर आहे, मॅडम. साहेबांना तेच बघायचंय."

इथे एक गोष्ट समजून घ्या. हॅमस्ट्रिंगला चालताना, रमतगमत पळताना फारसा त्रास नसतो. जीव तोडून पळताना पाय पुढे फेकला जातो ना, त्या क्षणी तो स्नायू एकीकडून ताणला जातो आणि दुसरीकडून पायाला आवरूही बघतो. जुनी जखम फाटते ती तिथेच. म्हणून मी परवानगी दिली, ती एका वाक्याची होती. खेळू दे, पळवू नका. शेख सर म्हणाले, मंजूर.

पण आमच्या क्लबला गॅलऱ्या दोन आहेत.

एका बाजूला रोहन आणि त्याची आयटीतली मंडळी. शनिवार-रविवार परदेशी मॅचेस बघायच्या आणि मोबाइलवर बाण काढून एकमेकांना समजवायचं, हा त्यांचा संसार. समोरच्या बाजूला मोहिते काका आणि त्यांची कसबा पेठेतली टोळी. काका तरुणपणी स्वतः खेळलेले. त्यांचा फुटबॉल सरळ. मागून उंच चेंडू मारायचा, पुढच्याने धावायचं, गोल करायचा. याला डायरेक्ट म्हणतात.

ही भांडणं मी वर्षभर ऐकली. सुरुवातीला मजा वाटायची.

"अहो, आडवा पास, मागे पास," काका ओरडायचे. "गोलकीपरला चेंडू नेऊन द्यायला मैदानात कशाला उतरता? त्याच्या घरी पोचवा!"

"काका, पेशन्स ठेवा. मॅच म्हणजे हायलाइट्स नसतात."

"पेशन्स आमच्याकडे भरपूर आहे. म्हणून तर अजून तुमचं ऐकून घेतोय."

"तुमच्या पद्धतीने खेळायचं तर अकरा जण कशाला? एक तोफ आणा."

शेवटच्या मॅचच्या आधीची मॅच शून्य-शून्य सुटली आणि गंमत संपली. आता शेवटची जिंकली तरच क्लब वरच्या गटात राहणार होता. गॅलरीत कॉलर धरण्यापर्यंत पाळी आली. क्लबच्या ग्रुपवर दिवसभर कुरुक्षेत्र. शेवटी अण्णांनी बैठक बोलावली.

अण्णांच्या घरचा ऊस होता, आता त्या जागी त्यांच्या बिल्डिंगी आहेत. बैठक तिथल्या सॅम्पल फ्लॅटमध्ये झाली. सोफ्यावर प्लॅस्टिक तसंच होतं. रोहन एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला, मध्ये शेख सर आणि मी. अण्णा माणूस वाईट नाही. गावच्या जत्रेत वाढलेला. पालखीला पहिला खांदा कुठल्या आळीचा, यावरून गावात दरवर्षी भांडण आणि ते मिटवण्यात अण्णांची हयात गेलेली. त्यांना वाटलं, हेही तसंच आहे.

"कुणाचाच अपमान नको," अण्णा म्हणाले. "पयला हाफ यांचा, दुसरा हाफ त्यांचा. पयल्यात पासिंग, दुसऱ्यात लांब मारा. दोघांचा मान राहिला."

मला वाटलं आता शेख सर उठून जातील. सरांनी चष्मा पुसला.

रोहन म्हणाला, "फेअर आहे." काका म्हणाले, "चालेल, शेवटचा हाफ आमचा आहे ना?" वर्षभर एकमेकांशी भांडणारी माणसं दोन मिनिटांत एक झाली. टीम कशी खेळणार ते प्रेक्षकांनी वाटून घेतलं होतं, नैवेद्याच्या ताटासारखं.

"एक मिनिट," मी म्हणाले. "मग दुसऱ्या हाफला प्रफुल्ल बाहेर. लांब चेंडूमागे तो पळणार नाही. त्याचा पाय अजून तयार नाही."

"बाहेर, बाहेर," अण्णा म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकासुद्धा म्हणाले, "पोराच्या पायापेक्षा का मॅच मोठी आहे?" हे त्यांचे शब्द आहेत. प्लॅस्टिकच्या सोफ्यावर बसून काढलेले.

मॅचच्या दिवशी पहिला हाफ खरंच देखणा झाला. प्रफुल्ल सरांनी सांगितलं तसाच खेळला. पाठीवर डिफेंडर घेऊन चेंडू पायात घ्यायचा, हळूच सोडायचा. ते कंपनीचे साहेब पुढे वाकून बघत होते, ते मी पाहिलं. रोहनची गॅलरी टाळ्या वाजवत होती. गोल मात्र झाला नाही.

शिट्टी वाजली तशी समोरची गॅलरी उठली. "बुलेट! बुलेट! बुलेट!" तो बाहेर जाणार हे काकांना माहीत होतं. काका सगळ्यात मोठ्याने ओरडत होते.

अण्णा शेडमध्ये आले ते हा आवाज कानात घेऊनच. आणि म्हणाले, पळंल की.

"अण्णा, बैठकीत ठरलंय," मी म्हणाले.

"ठरलं तवा लोक असे वराडत नव्हते."

"लोकांचा स्नायू फाटलेला नाही."

"तुम्ही डॉक्टर का, मॅडम? मालिशवाल्यांनी मालिश करावी."

तीस वर्षं झाली मला या धंद्यात. हे वाक्य मी आधीही ऐकलंय. तरी त्या दिवशी अंगाची लाही लाही झाली. मी शेख सरांकडे वळले. "सर, तुम्ही बोला."

सर बुटाच्या नाड्या बघत होते. त्यांचा करार पुढच्या सीझनला वाढायचा होता. ते इतकंच म्हणाले, "प्रफुल्ल, तुझं काय म्हणणं?"

फाटक्या पायाच्या पोराला विचारायचं, नोकरी देणारे साहेब बाहेर बसलेले असताना! हा काय प्रश्न झाला?

"खेळतो न जी," प्रफुल्ल म्हणाला. माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या हाफला बराच वेळ मागून लांब चेंडू आलाच नाही. वर्षभराची सवय, पोरं आपली पासच देत राहिली. काकांची गॅलरी शिव्या द्यायला लागली, "आमचा हाफ आहे हा!" मग कोणीतरी घाबरून मागून चेंडू उंच उडवला.

प्रफुल्ल पळाला. खोटं कशाला बोलू, मी असं पळणं फार कमी पाहिलंय. डिफेंडर मागे पडला. कोपऱ्यावर त्याने चेंडू गाठला, पाय लांबवून आत ढकलला आणि एकदम थांबला. त्याने मागे वळून पाहिलं.

हॅमस्ट्रिंग तुटतो तेव्हा मागून कोणीतरी दगड मारल्यासारखं वाटतं. खेळाडू हटकून वळून बघतात, कोणी मारलं म्हणून. मागे कोणीच नसतं. मग प्रफुल्ल खाली बसला.

आत ढकललेल्या चेंडूवर आमच्या दुसऱ्या पोराने गोल केला. दोन्ही गॅलऱ्या नाचायला लागल्या. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. मी बर्फाची पिशवी घेऊन रेषेवरून धावत होते, आणि कोपऱ्यात एक माणूस गवत मुठीत धरून पडलाय हे त्या शेकडो लोकांमध्ये कोणालाही दिसलं नाही.

"कोनं मारलं जी?" त्याने मला विचारलं.

मी म्हणाले, "बोलू नकोस. श्वास घे."

आम्ही जिंकलो. क्लब वरच्या गटात राहिला. स्नायू हाडापासून सुटून आला होता, ऑपरेशन करावं लागलं. कंपनीचे साहेब सभ्य होते. "बरा झाला की बघू," म्हणाले. जागा दुसऱ्याने घेतली. कारखान्यानेही कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही, कारण तिथे उभं राहून काम करावं लागतं. क्लबने प्रफुल्लचा सत्कार केला. त्याला स्टेज चढता येईना, तेव्हा अण्णा शाल घेऊन खाली आले. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं, तेही खरं होतं. मला त्याचं काय करायचं ते कळलं नाही.

ग्रुपवर मात्र वाद जोरात. रोहनचं म्हणणं, गोलच्या आधीचे पास मोजा, गोल पझेशनचाच. काकांचं म्हणणं, एक लांब चेंडू आणि एक गोल, आणखी काय पुरावा हवा? पायाबद्दलही दोन पक्ष. लांब चेंडूनेच पोराचा पाय गेला, असं एकाचं. वर्षभर पळू दिलं असतं तर पायाला सवय राहिली असती, असं दुसऱ्याचं.

काही दिवसांनी दोघं माझ्या क्लिनिकवर आले. एकाच स्कूटरवरून. आता त्यांची मैत्री झाली होती.

"मॅडम, क्लबतर्फे परिसंवाद ठेवतोय," रोहन म्हणाला. "पझेशन की डायरेक्ट. तुम्ही सायंटिफिक बाजू मांडा."

"निःपक्षपाती कोणीतरी हवं," काका म्हणाले. "तुमचा कल कुठे आहे?"

बोलले असते तर दोघांना जिन्यावरून खाली जायला पायांची गरज लागली नसती. मी उठून पडदा बाजूला केला. मागे टेबलवर प्रफुल्ल व्यायाम करत होता. तो सगळं ऐकत होता.

"अरे, बुलेट!" काका मनापासून खूश झाले. "बरा सापडलास. तूच सांग, तुला कुठला खेळ आवडतो? पासिंग का लांब?"

प्रफुल्लने पाय हळूच खाली सोडला. तोंडावरचा घाम पुसला.

"मले पयले जिना उतरू द्या जी," तो म्हणाला. "मंग सांगतो."

दोघं हसले. त्यांना वाटलं, पोराने विनोद केला. "भारी आहे हा," रोहन म्हणाला, आणि दोघं निघाले. धडाधड जिना उतरताना त्यांचं पुन्हा सुरू झालं होतं. स्कूटर सुरू होईपर्यंत वरती ऐकू येत होतं.

प्रफुल्लला मी कठडा धरून खाली नेलं. आधी दुखरा पाय, मग चांगला. मध्ये दोनदा बसलो.

त्यानंतर मी तो क्लब सोडला. दुसऱ्या क्लबांचे खेळाडू येतात अजून. पूर्वी फिट म्हणायच्या आधी मी त्यांना दोन गोष्टी विचारायचे, कुठे दुखतं आणि कुठल्या जागेवर खेळतोस. आता तिसरीही विचारते. बघायला कोण येतं?