डाव्या हाताची रोपं

दर्यापूरला माडीवरच्या एका खोलीत आम्ही बापलेक राहत होतो, तेव्हा गरम जेवण कसं लागतं हे मी विसरून गेले होते. हे रडगाणं नाही, होतं तसं सांगते. बाबांना लकवा मारला होता. उजवा पाय फरफटत का होईना चालायचा, पण उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवल्या जागी पडून राहायचा. आणि डाव्या हातानं घास तोंडात घालायला बाबांनी साफ नकार दिला होता. "डाव्या हातानं खाण्यापरीस उपाशी बरा," असं ते दवाखान्यातून आल्यावर एकदा म्हणाले, आणि शब्दाचे पक्के निघाले. मग भरवायचं कोणी? मीच. सकाळी शाळेत जायच्या आधी, दुपारी मधल्या सुट्टीत धावत येऊन, आणि परत संध्याकाळी. बाबा सावकाश चावायचे. त्यांचं होईस्तोवर माझी भाकर चामट होऊन जायची.

मी तिथल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. साठ सालानंतरची ही गोष्ट. आई मी लहान असतानाच गेलेली, भाऊ नाही, माझं लग्न राहून गेलेलं. बाबा अमरावतीचे. गावाबाहेर मक्त्यानं घेतलेल्या मळ्यात ते भाजीपाला करत, पण त्यांचं नाव होतं ते रोपांसाठी. वांगी, मिरची, कोबी. त्यांच्या वाफ्यातलं रोप म्हणजे बुटकं, जाड देठाचं, काळपट हिरव्या पानांचं. उंच वाढलेल्या पिवळट रोपाला ते "कालेजातलं पोट्टं" म्हणायचे. नुसतं लांब होते आणि वारं आलं की आडवं होते, असं त्यांचं म्हणणं.

आमच्याकडे हातगुणावर लोकांचा फार भरवसा. वाफा तयार झाला की पहिली चिमूट हातगुणाच्या माणसाकडून टाकून घ्यायची, मग बाकीचं बी कोणीही टाकावं. आजूबाजूचे मळेवाले त्यासाठी बाबांना बोलवायला यायचे. बाबा आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून जायचे, चिमूटभर बी टाकायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे. ती चिमूट अर्थातच उजव्या हाताची. लकवा झाल्यावर मळा आत्याच्या मुलानं सांभाळायला घेतला आणि त्याच सुमारास माझी दर्यापूरला बदली झाली म्हणून बाबा माझ्यासोबत तिकडे आले. तिथे ते दिवसभर खिडकीपाशी बसायचे आणि खालून जाणाऱ्या भाजीवाल्यांच्या टोपल्यांना नावं ठेवायचे. त्यांना काम नव्हतं आणि मला उसंत नव्हती. यातलं जास्त वाईट काय, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही.

दर्यापूरचा सगळा भाग खारपाणपट्ट्यातला. जमीन काळी, कापसाला चांगली, पण विहिरीचं पाणी खारं. आम्ही आलो त्या दिवशी साबणाला फेस येईना, डाळ शिजता शिजेना, आणि बाबांनी पहिला चहा खिडकीतून बाहेर थुंकला होता. घरमालकीणबाई म्हणाल्या, "त्या कोपऱ्यावरच्या विहिरीचं आनलं काहून? गोड्या विहिरीचं आना." मारुतीच्या पारामागची ती गोडी विहीर. सगळी आळी तिथून पाणी भरायची आणि तिचा अभिमान बाळगायची. आम्हीही तिथून भरू लागलो. वर्ष गेलं, आम्हाला तेच पाणी गोड लागू लागलं.

बाबांना काहीतरी उद्योग द्यावा म्हणून मला आमच्या ट्रेनिंग कॉलेजातला एक प्रयोग आठवला. तिथल्या एका गुरुजींनी मातीशिवाय, नुसत्या पाण्यात खतं विरघळवून बरणीत गहू वाढवला होता. माडीवर माती आणून चिखल केला तर मालकीणबाई घराबाहेर काढतील, पण पाण्याला कोण काय म्हणणार? मी बाबांना सांगितलं.

"मातीबिगर रोप? हे काय सर्कस हाय?" बाबा म्हणाले. पण त्या रात्री भरवताना त्यांनी विचारलं, "मंग ते मूळ कायले धरून उभं राह्यते?"

मी समजले, मासा गळाला लागला. रॉकेलचे दोन डबे आडवे कापून आणले. आतून डांबर फासलं, तळाला भोक पाडून बूच लावलं, विटांचे बारीक तुकडे आणि धुतलेली रेती भरली. सकाळी खताचं पाणी ओतायचं, संध्याकाळी बूच काढून खालच्या घमेल्यात उतरवायचं, म्हणजे मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही. खताच्या दुकानातून सुपर फॉस्फेट आणि अमोनियम सल्फेट आणलं, बाजारातून फटाक्यांच्या दारूत घालतात तो सोरा आणि शाई करायला घेतात तो हिराकस आणला. राहिलं जुलाबाचं मीठ. तेही रोपाला लागतं. ते मागायला दवाखान्यात गेले, तर कंपाउंडरनं माझ्या हातातली बरणी पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, "बाई, घरी मानसं किती हायेत?"

बी कोणी टाकायचं यावर मात्र अडलं. बाबा म्हणाले, तू टाक. मी म्हटलं, उद्योग तुमचा आहे, मी एका बीलाही हात लावणार नाही. दोन दिवस रुसून बसले. शेवटी डाव्या हातानं त्यांनी वांग्याचं बी टाकलं. टाकून झाल्यावर त्यांनी तो हात धोतराला पुसला.

रोपं उगवली. बाबा पहाटेपासून डब्यांजवळ. दोन पानांवर आली आणि तिथंच थबकली. मग पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी झाल्या आणि एकेक मान टाकू लागलं. खत कमी पडलं असेल म्हणून मी वाढवलं. ती आणखी लवकर मेली. पुन्हा बी टाकलं, सोरा कमी केला. मेली. मग मिरची. मिरचीही गेली. मी शाळेच्या वह्या तपासायच्या सोडून रोपांच्या कडा तपासत बसायची आणि मला कळत काही नव्हतं. जमीन खारी असते, हे मला ठाऊक होतं. पण आमच्याकडे जमीनच नव्हती, म्हणून ती भानगडच मिटली असं मी धरून चालले होते.

"पाह्य माय," बाबा एके दिवशी म्हणाले, "हे डाव्या हातानं टाकलेलं बी हाय. हा हात कायले असते, ते तुले मालूम हाय. याच्यातून काय उगवन?"

"बाबा, कोणत्या हातानं टाकलं ते बियाले कसं समजन?"

"बियाले सारं समजते."

त्या दिवसापासून त्यांनी डावा हातही पांघरुणात घातला. टोपल्यांना नावं ठेवणं बंद झालं. घास कमी झाले. मी भाकरीचा तुकडा पुढे धरायची आणि ते तोंड फिरवायचे. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा, दोन्ही एकदमच. मी फार थकले होते. एक हात गेला होता तर निदान दुसऱ्याचा भरवसा होता, आणि तो भरवसा मीच हौसेनं घालवला असं मला वाटत होतं. रोपांचा नाद केला नसता तर निदान ते पोटभर जेवले तरी असते.

दिवाळी झाल्यावर आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, अमरावतीला मळ्यातच राहणारी. दर्यापूरला पहिल्यांदाच येत होती. मी चहा केला. तिनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"काहून वं पोरी, साखर समजून मीठ टाकलं का?"

"नाही आत्या."

तिनं माठातलं पाणी घेतलं, चूळ भरली आणि सरळ खिडकीतून थुंकली. "हे पानी पेता तुमी?"

"गोड्या विहिरीचं हाय," बाबा म्हणाले.

"गोडी? कोन म्हन्ते तिले गोडी?"

मग बाबा म्हणाले, मले पाणी दे. मी गिलास त्यांच्या तोंडाला लावला. नवीन विहिरीचं पाणी पारखताना करायचे तसं त्यांनी ते तोंडात घोळवलं, डोळे मिटून जिभेवर धरलं. गिळलं. "मले तं काई लागून नाई राह्यलं," ते हळूच म्हणाले. "पहिल्या दिवशी मीच थुकलो होतो असं खारं पानी." आळीतल्या सगळ्या खाऱ्या विहिरींत जी कमी खारी, तिला लोक गोडी म्हणत होते. आणि आम्ही दोघं, एक पाण्याची पारख असलेला मळेवाला आणि एक विज्ञान शिकवणारी मास्तरीण, वर्षभरात तिथलेच होऊन बसलो होतो. खाऱ्या पाण्यात आणखी खतं घालून आम्ही ती कोवळी रोपं जाळत होतो.

मी मोकळी झाले. बाबा झाले नाहीत. आत्या गेल्यावर ते म्हणाले, "पानी खारं होतं हे खरं. पन हातबी डावाच होता. दोघांतून मारलं कोनं, ते कसं समजावं?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, मग पाहूच. अमरावतीच्या मळ्याच्या विहिरीचं गोडं पाणी आणू. प्रत्येक डब्यात अर्ध्या भागात मी उजव्या हातानं वांग्याचं बी टाकीन, अर्ध्या भागात तुम्ही डाव्या. पाणी एक, खत एक. बाबांनी होकाराची मान डोलावली.

मग माझे रविवारही गेले. बाबांना भरवून सकाळच्या एसटीनं अमरावतीला, आत्याकडे दोन घास, आणि पाण्यानं भरलेला डबा घेऊन, उशिरा का होईना, दुपारच्या भरवण्याला परत. स्टँडपासून मळा लांब, डबा जड, आणि एसटीत तो हिंदकळून लोकांच्या पायांवर सांडायचा. "बाई, दर्यापूरले पानी नाई का?" कंडक्टर विचारायचा. मी म्हणायची, आहे, पण झाडांना चालत नाही. तो माझ्याकडे असा पाहायचा की पुढचं तिकीट थेट वेड्यांच्या दवाखान्याचं फाडावं. झाडं अमरावतीचं पाणी पीत होती आणि मी गोड्या विहिरीचं. बाबांनी एकदाही विचारलं नाही की खांदा दुखतो का. त्यांचं सगळं लक्ष डब्यांकडे होतं. मला त्याचं वाईट वाटलं, हे आता सांगायला हरकत नाही.

पहिला डबा आला तेव्हाच दोघांनी आपापल्या भागात बी टाकलं, बाबांनी टाकून होताच हात परत पांघरुणात घातला, आणि या खेपेला रोपं थांबली नाहीत. दोन पानं, चार पानं, कडा कोवळ्या आणि हिरव्या. खिडकी एकाच बाजूला, म्हणून रोपं उजेडाकडे झुकायची. बाबा म्हणाले, "वाकलं रोप कामाचं नाई, डबे फिरवत जा." मी रोज सकाळी फिरवायची, मी विसरले तर झाडायला आलेल्या मालकीणबाई फिरवायच्या. देठ जाड होत गेले. जाता येता बाबा रोपांवरून हलकेच हात फिरवायला लावायचे, त्यानं ती बळकट होतात म्हणे. मी फिरवायची.

रोपं लावणीजोगी झाली तेव्हा बाबांनी डबे खिडकीत समोर घ्यायला लावले. "आता सांग, माहा भाग कोनता?"

मी पाहिलं. डबे इतक्यांदा फिरले होते की मला सांगता येईना. बी टाकताना खूण करायचं कोणालाच सुचलं नव्हतं. मी शाळेत प्रयोग शिकवणारी बाई, पण ते राहिलंच.

"तुमीच ओळखा," मी म्हटलं. "रोपांची पारख तुमाले हाय."

बाबा पुढे वाकले. एकेक रोप पाहिलं. देठ पाहिला, पानाची मागची बाजू पाहिली, उंची पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी सारखी, बुटकी, काळपट हिरवी. एकही कालेजातलं पोट्टं नाही. त्यांना खूप वेळ लागला. मला शाळेला उशीर होत होता, पण मी हलले नाही.

"ओळखू येऊन नाई राह्यलं," ते म्हणाले.

एवढंच. पण पांघरुणातून डावा हात बाहेर आला आणि त्यांनी स्वतः एक रोप रेतीतून सोडवलं, मूळ न तोडता.

दर्यापूरच्या मातीत ती रोपं लावण्यात अर्थ नव्हता. आत्या येऊन ओल्या फडक्यात गुंडाळून ती अमरावतीला घेऊन गेली. माझं पाणी वाहणं थांबलं, भरवणं चालू राहिलं. ते कधी थांबेल ही अपेक्षाही मी सोडून दिली होती.

उन्हाळा लागता लागता आत्या परत आली, त्याच रोपांची पिशवीभर वांगी घेऊन. मी भाजी केली, भाकरी टाकल्या. आत्याचं ताट वाढलं, बाबांचं वाढलं, आणि नेहमीसारखी बाबांच्या ताटाशी बसून तुकडा मोडायला हात पुढे केला. बाबांनी माझा हात बाजूला केला. डाव्या हातानं भाकरी मोडली. नीट मोडता येईना, ताट सरकायला लागलं, ते त्यांनी गुडघ्यानं अडवलं. तुकडा भाजीत बुडवला आणि तोंडात घातला.

"भाऊ! डावा हात!" आत्या ओरडली.

"याच हातानं पेरली," बाबा म्हणाले, "याच हातानं खातो." आणि माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाले, "तूबी वाढून घे माय. भाकर थंडी होऊन राह्यली."

मी ताट घेतलं. तव्यावरची भाकरी घेतली. तिला वाफ येत होती. हात भाजला, जीभ भाजली, आणि मी तशीच खात राहिले.