आपा आणि घट्ट द्रावण

आमच्या आपांइतकी संशयी बाई अख्ख्या नगर जिल्ह्यात शोधून सापडायची नाही. प्लास्टिकच्या कारखान्यातल्या आमच्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. भिंगारहून स्कूटीवर यायच्या. "आपा, आज छान दिसताय," म्हटलं, तर चष्मा वर करून "कशावरून?" विचारायच्या. लग्नाला गेल्या तर बिर्याणीच्या डेगीतलं वरचं एक आणि तळातलं एक शीत चेपून बघितल्याशिवाय "शिजली" म्हणायच्या नाहीत.

एका दुपारी नव्या जातीचा माल तयार होता, टेम्पो दारात होता आणि आमच्या यंत्राने माल नापास केला. विरघळवलेलं प्लास्टिक या यंत्राच्या नळीतून सोडलं की लांब साखळ्यांचे रेणू आधी बाहेर येतात, आखूड मागून. आमचे सगळे उशिरा आले होते. म्हणजे साखळ्या आखूड, माल ठिसूळ. तो बनवणारा ऑपरेटर घाम पुसत म्हणाला, "मॅडम, माल चांगला हाय वो."

"माल भंगारात, आणि हा उद्यापासून घरी," मालक म्हणाले.

आपा आलेख न्याहाळत होत्या. "द्रावण घट्ट झालंय."

"नेहमीच्याच मापाने केलंय, आपा," मी म्हणालो.

"नेहमीचं माप नेहमीच्या मालाला. साखळ्या फार लांब असतील तर तेवढंही घट्टच. गर्दीत त्या आक्रसतात, रेंगाळतात, उशिरा येतात, आणि आपण त्यांना आखूड म्हणतो. निम्मं पातळ कर."

"आणि तरी तसंच आलं तर?" मालकांनी विचारलं.

"तर नापास. मी त्याची वकील नाही."

पातळ द्रावणाचं आलेखावरचं शिखर जरा आधी आलं. ऑपरेटरने श्वास सोडला. मालक म्हणाले, "झालं ना? करा सही."

"अजून सरकतंय. सरकत्या आकड्यावर मी सही करत नाही."

आणखी पातळ केलं. शिखर आणखी आधी आलं. आता शेवटची खेप. याहून पातळ केलं तर आलेखावर काहीच उमटलं नसतं. कोणी बसेना. रेघ थरथरत सरळ चालली, चालली, आणि एक बारीकसा उंचवटा उठला. आपांनी आधीच्या आलेखावर पट्टी ठेवली. तीच जागा.

"थांबलं," त्या म्हणाल्या. "साखळ्या लांब आहेत. पास."

ऑपरेटर पायाशी वाकला तशा त्या झटकन मागे सरल्या. "अरे, मी फक्त मोजलं. खराब असता तर तेच लिहिलं असतं." मग त्यांनी पाणी मागितलं आणि एका दमात दोन पेले रिकामे केले.

आता त्या निवृत्त होऊन श्रीरामपूरला लेकीकडे राहतात. परवा फोनवर म्हणाल्या, "इथे मोजायला काही नाही रे. दाराच्या चौकटीवर नातीची उंची तेवढी घेते. भराभर वाढतेय. जरा सावकाश वाढावी म्हणून एकदा खूण खाली करायला गेले, पण खोटं मोजायला हात होत नाही."