जोडीदाराचा दगड

राजूरच्या सांडू गवंड्यानं जन्मभर लोकांची घरं पुरी केली. स्वतःच्या दारावर मात्र एका दगडाची जागा पंधरा वर्षं मोकळी ठेवली. थंडी पडली की त्याची बायको आसराबाई त्या भोकात फडकं कोंबायची आणि नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायची.

तिकडच्या गवंड्यांत रिवाजच तसा होता. गवंड्यानं आपल्या घराचा शेवटचा दगड आपल्या हातानं बसवायचा नाही, जोडीदारानं बसवायचा. सांडूचा जोडीदार रखमाजी. भिंतीच्या या टोकाला हा, त्या टोकाला तो, अशी दोघांनी वीस वर्षं काढली. पण सांडूचा स्वभाव! ओळंबा हातात आला की हा गडी देवाचंही ऐकायचा नाही.

एका धर्मशाळेच्या कामावर त्यानं रखमाजीच्या भिंतीला ओळंबा लावला. दोरीतली लाकडी चकती वर भिंतीला टेकवायची, खालचा गोळा भिंतीला जेमतेम शिवला पाहिजे. गोळा भिंतीवर रेलून बसला.

"रखमाजी, भिंत आत गेली. पाड."

"सांडू, डोळ्यानं बघ की. बराबर हाये."

"मंग ओळंबा खोटं बोलतो व्हय?"

रखमाजीनं स्वतः पहार घेतली आणि साऱ्या मजुरांदेखत आपली भिंत पाडली. मग थापी धुतली, पुसली आणि जाफराबादला सासरवाडीत जाऊन राहिला. डोक्यात राख घालून गेलाय, आठवड्यात येईल, असं सांडू म्हणत राहिला. पण तो ओळंबा त्यानं पुन्हा हाती धरला नाही. कुठंतरी टोचत असणार. नवा केला, जुना खुंटीला टांगला.

चौदाव्या वर्षी खुंटीवरची दोरी कुजून तुटली. चकती जमिनीवर घरंगळली, ती लंगडत गेली. सांडूनं उचलून बोट फिरवलं. एका अंगानं ती झिजली होती; त्यामुळं दोरी भिंतीला जवळ यायची आणि गोळा सरळ भिंतीवरही रेलायचा. म्हणजे भिंत सरळ होती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. सांडू ओसरीवर बसून पोरासारखा रडला.

मग लगेच जावं की नाही? पण चूक कबूल करायला पाय निघेनात. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता रझाकारांची धामधूम सुरू झाली, वाटा बंद झाल्या. निजामाचं राज्य गेलं, दिवाळी झाली, तेव्हा कुठं चकती उपरण्याच्या गाठीत बांधून सांडू जाफराबादला चालत गेला.

रखमाजीनं तिथं बांधलेल्या घराच्या दारात त्याची बायको गोजरबाई उभी होती. कपाळ मोकळं.

"पोळ्याला गेले, भाऊजी."

सांडूनं मान वर केली. तिच्या दारावर एका दगडाची जागा मोकळी होती.

"दगड घडून ठेवलाय," ती म्हणाली. "दुसरे गवंडी आल्ते बसवायला. ह्यांनी हात लावू दिला न्हाई. म्हणायचे, सांडूला ओळंब्यानं दगा दिला आसंल. कळलं की येईल आपसूक."

सांडूनं गाठ सोडून चकती उंबऱ्यावर ठेवली आणि दगड बसवला.

तो घरी आला तेव्हा आसराबाई फडकं घेऊन दारातच उभी होती. सगळं ऐकून तिनं विचारलं, "आता आपला कोन बसवणार?"

"बसवणारा गेला," सांडू म्हणाला. मग तिच्या हातातलं फडकं घेऊन त्यानं ते स्वतःच भोकात कोंबलं.