सोवळ्यातले स्क्रू

मेश्राम बोलू लागला की बायका हातातले काम न थांबवता त्याच्याकडे मान वळवत. मी बोलू लागलो की काम थांबे आणि माना घड्याळाकडे वळत. आम्ही दोघे एकाच कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि हिंगण्याच्या एकाच कारखान्यात लागलो. मला गुण त्याच्यापेक्षा जास्त होते. तो गेल्यावरही मी हे सांगतो, यावरून काय ते समजावे.

आमचा कारखाना विजेची मोजमाप-यंत्रे बनवी. ऐंशीनंतर जर्मनीतले एक गिऱ्हाईक मिळाले आणि त्याने अट घातली : कोणत्याही भागावर कॅडमियमचा मुलामा नको. यंत्र मोडीत निघून जाळले गेले की ते विष माती-पाण्यात उतरते. म्हणजे स्क्रू जस्ताच्या मुलाम्याचे हवे होते. देशी मालात मात्र कॅडमियमचेच चालत, आणि दोन्ही दिसायला सारखेच पिवळे. चुकीचा स्क्रू गेला असता तर गिऱ्हाईक तुटले असते आणि जुळणी विभागातल्या बायकांच्या नोकऱ्याही गेल्या असत्या.

मला जर्मन येत होते, म्हणून अटीचे पत्र वाचून बायकांना समजावण्याचे काम माझ्याकडे आले. मी फळा भरून टाकला. शेवटी शांताबाईने विचारले, "पण साहेब, दोन्ही पिवळेच आहेत ना?"

मेश्राम उठला. त्याने कॅडमियमच्या स्क्रूंचा एक लाल आणि जस्ताच्या स्क्रूंचा एक पांढरा ट्रे टेबलावर ठेवला. "बाया हो, लाल्यातले ओवळे, पांढऱ्यातले सोवळ्यातले. एकमेकाले शिवू द्यायचं नाही. बस."

बायका हसल्या आणि कामाला लागल्या.

माझी आजी सोवळे नेसून स्वयंपाक करायची. शब्द आमच्या घरचा, आणि सुचला त्याला. मी तसे बोलूनही दाखवले.

"तुमच्याच घरचा आहे गा पंडित," तो म्हणाला. "माझ्या आजीले यानंच विहिरीवर चढू नाही देलं. छप्पनच्या दीक्षेपासून आमच्याकडे रिकामाच होता. लावला कामाले."

पहिला माल खोक्यांत भरून झाला त्या संध्याकाळी शांताबाई त्याच्यापुढे उभी राहिली. दुपारी तिच्या हातून लाल ट्रे पांढऱ्यात कलंडला होता. तिने सगळे स्क्रू नळाखाली धुतले, पदराने पुसले आणि पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवले; तेच पुढे यंत्रांत बसले. "धुतले ना भाऊ, झाले सोवळे. मंग तुम्ही काहून असे पाहून राहिले?"

मला आनंद झाला, तो लपवण्याइतका मी चलाख नव्हतो. "घे, तुझा शब्द," मी म्हणालो.

मेश्राम स्टुलावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "चूक माझी आहे वं शांता. मी शब्द आणला, तर त्याचं पाणीही संगं आलं. पण हे पाण्यानं जात नाही."

मग त्याने पेचकस उचलला आणि पहिले खोके उघडले. भोंगा झाला होता, तरी एकही बाई उठली नाही. सगळी यंत्रे उघडून प्रत्येक स्क्रू बदलला. मीही बसलो. मला कुणी थांबवून घेतले नव्हते.

माल पसंत पडला. गिऱ्हाइकाचा तपासनीस पाहायला आला तेव्हा त्याने त्या दोन ट्रेंचे कारण विचारले. मी दुभाषी. सोवळ्याला जर्मन शब्द मला सापडेना. "राहू दे गा," म्हणत मेश्रामने तो शब्द त्याच्याकडून नीट येईपर्यंत वदवून घेतला. दोघे हसत होते. मी मध्ये उभा होतो.

पुढच्या हिवाळ्यात मेश्राम हृदयविकाराने गेला. त्यानंतर तो तपासनीस पुन्हा आला. पांढऱ्या ट्रेजवळ थांबून त्याने इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाला, "सोव्हळे?"

शांताबाईने रिकाम्या स्टुलावर हात ठेवला आणि मान हलवली. त्याने चष्मा काढला. दोघे तसेच उभे राहिले.

माझ्याजवळ तो गेल्याचे जर्मन वाक्य तयार होते, व्याकरणासकट. ते कुणालाच लागले नाही.