आप्पांचा रुमाल, देवगोईचा घाट आणि एक ढिलं हेल्मेट

देवगोई घाट सायकलवरून उतरायचं खूळ माझं नव्हे, माझ्या वडिलांचं. हे आधीच सांगून टाकते, कारण नातेवाइकांचा संशय अजून माझ्यावरच आहे.

आप्पा एस.टी.त ड्रायव्हर होते. त्यातली एकोणीस वर्षं त्यांनी अक्कलकुव्याहून मोलगीची गाडी चालवली, म्हणजे रोज हा घाट चढायचा आणि उतरायचा. निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत त्यांनी माझी जुनी माउंटन सायकल न विचारता आपली करून टाकली आणि मला नवी घ्यावी लागली. मी नंदुरबारच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीत सायकलवर भटकते. आप्पा मात्र रोज सकाळी शेताकडच्या पाटाच्या रस्त्याने जायचे, डोक्याला नुसता रुमाल बांधून.

मागच्या पावसाळ्यानंतर खडीवरून त्यांचं चाक घसरलं आणि कानाच्या वरचा भाग दगडावर आपटला. पाच टाके पडले. टाक्यांचं एवढं काही नाही, पण त्या दुपारी त्यांनी मला चार वेळा विचारलं, "शाळा सुटनी का?" चारही वेळा मी हसून हो म्हटलं आणि मग मोरीत जाऊन रडले. मायने सायकल कडब्याच्या खोलीत कोंडली आणि किल्ली कमरेला लावली.

दोन महिने आप्पांनी सायकलचं नाव काढलं नाही. मग एकदा जेवताना म्हणाले, "एकोणीस वरीस त्या घाटमा गाडी चालाडी, पन घाट कधी ऐकाच नई. इंजिनना आवाजमा काय ऐकू येस? एकदाव सायकलवर उतरनं शे."

मायने ताटात भाकरी टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. "डोकाले बसनारं चांगलं हेल्मेट लई दे. अन ह्यासले जसं लई जाशी तसंच वापस लई ये. डोकासकट. एक खरचटा जरी पडना ते सायकल भंगारमा."

आप्पांची सायकल राहणार की जाणार, हे असं माझ्या हेल्मेटच्या निवडीवर येऊन ठेपलं.

आमच्याकडे दुकानांत मोटरसायकलची हेल्मेटं पोत्याने मिळतात, सायकलची मात्र लहान मुलांची, कार्टून छापलेली. म्हणून आम्ही सकाळच्या गाडीने सुरत गाठलं. तीन-साडेतीन तासांचा प्रवास, नवापूरनंतर झाडी छान लागते, डावीकडची खिडकी पकडा. दुकानदार गुजराती, हातात शिंप्यासारखी टेप. भुवयांच्या एक बोट वरून डोक्याभोवती टेप फिरवायची, येईल ते माप. डोंगरात चालवायची असेल तर मागून मानेच्या वरपर्यंत उतरलेलं हेल्मेट घ्यायचं, पुढे छोटं छप्पर असावं, हवेला भोकं भरपूर असावीत. हे सगळं त्याने नीट सांगितलं. मग म्हणाला, "काका, रुमाल उतारो ने."

"रुमाल तो रहेगा भाऊ," आप्पा म्हणाले. "हमारे तरफ धूप में रुमाल के बिना कौन निकलता है?"

आणि वाचकहो, मला ते अगदी पटलं. खानदेशात वाढलेल्या माणसाला डोक्यावरचा रुमाल हा डोक्याचाच भाग वाटतो. माझ्याही डोक्याला स्कार्फ होताच. टेप रुमालावरून फिरली, एकोणसाठ आलं, आम्ही मोठ्या मापाचं निळं हेल्मेट घेतलं. अठ्ठावीसशे रुपये. डोकं हलवून पाहिलं, हेल्मेट जागचं हललं नाही. मुलांना मोजमापातल्या चुका शिकवणारी मी, परतीच्या गाडीत खारे शेंगदाणे खात स्वतःवर खूश होते.

जानेवारीतल्या एका शनिवारी निघालो. मायने कळण्याची भाकरी, ठेचा आणि दशम्या बांधून दिल्या. नंदुरबारबाहेर मिरची वाळत घातलेली, नजर पोचेल तिथवर लाल. तिथून सायकलने जाणार असाल तर तोंडावर काहीतरी घ्या. आम्ही जीपमध्ये होतो तरी शिंकून शिंकून बेजार झालो. दोन्ही सायकली टपावर, माणशी ऐंशी आणि सायकलींचे वेगळे शंभर. हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडली आणि तळोद्याला उतरलो. तिथून अक्कलकुव्यापर्यंत सायकली चालवल्या. रस्ता सपाट, पण ट्रकची वर्दळ फार. आप्पा पुढे, रुमालावर निळं हेल्मेट, आणि मी मागून पाहत होते की ते हलतंय का. हलत नव्हतं. अक्कलकुव्याला साध्या लॉजवर राहिलो आणि संध्याकाळी शेवभाजी खाल्ली. इतकी तिखट की आप्पांनी पहिल्यांदा कौतुक केलं आणि मग पाणी मागितलं. खोलीतही त्यांचा रुमाल डोक्यालाच होता. "थंडी शे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप ठरवली. घाटाचा मोठा चढ जीपने, शेवटचे चार-पाच किलोमीटर सायकलने, जीप मागोमाग, आणि वर चहा घेऊन उतरायचं, असा बेत. (साठीच्या माणसाला घेऊन जाताना सगळा चढ चालवण्याचा हट्ट धरू नका.) एवढ्याशा चढावरही दोघं घामाने भिजलो. साग, मोहाची झाडं, मध्येच बांबूची बेटं, आणि खाली वळणावळणाचा रस्ता. आप्पा प्रत्येक वळणाला नावाने ओळखत होते. इथे टायर फुटलं होतं, इथे एका बाईला गाडीत मूल झालं होतं.

वर मोगीबाईची चहाची टपरी आहे. ही आप्पांची जुनी प्रवासी. दर बाजारच्या दिवशी डोक्यावर आमचूरचा भारा घेऊन त्यांच्या गाडीत चढायची. घरी ती भिली बोलते, आमच्याशी आपली एक वेगळीच मराठी, आणि तिच्या मराठीत कलेक्टरपासून कंडक्टरपर्यंत सगळे 'तू'.

"डायवर, तू अजून जिता आहे?" ती ओरडली आणि आप्पा लाजल्यासारखे हसले.

चहा ठेवून ती बाहेर आली. आप्पांनी हेल्मेट काढलं, भिजलेला रुमाल सोडला, पिळला आणि कुंपणावर वाळत घातला. तोंड धुतलं आणि हेल्मेट तसंच उघड्या डोक्यावर चढवलं. ते थेट नाकावर आलं.

मी हसले. मग हेल्मेटच्या मागचं छोटं चाक फिरवून ते घट्ट करायला गेले. चाक फिरत फिरत शेवटाला टेकलं तरी हेल्मेट डुलतच होतं. माझं हसू तिथेच विरलं. माप रुमालासकट घेतलं होतं.

"रुमाल बांधी लिसू, व्हई गये," आप्पा म्हणाले आणि ओलाच रुमाल पुन्हा बांधला, वर हेल्मेट, पट्टा आवळला. मला वाटलं, चला, निभावलं. काल तर बसलंच होतं.

मोगीबाई चहाचे पेले तसेच ठेवून पुढे आली. तिने एक बोट हेल्मेटच्या छपराखाली घातलं आणि वर ढकललं. अख्खं हेल्मेट रुमालावरून सरकत मागे गेलं आणि कपाळ उघडं पडलं. दुकानात आम्ही डोकं हलवून पाहिलं होतं, असं ढकलून पाहिलंच नव्हतं.

"फडक्यावर सरकते," ती म्हणाली. "मी चाळीस वरीस डोक्यावर भारा घेते. हालतो तो भारा नाय घ्यायचा, डायवर. मान जाते."

मग तिने स्वतःच रुमालाची गाठ सोडली. कानाच्या वर, जिथे टाके पडले होते, तिथे केस आलेच नव्हते. बोटभर लांबीची गुलाबी रेघ होती. मोगीबाईने तिथे हलकेच बोट ठेवलं तसे आप्पा शहारले.

"अजून दुखस?" मी विचारलं.

"नई."

"आप्पा."

"दाबायनं ते दुखस," ते रस्त्याकडे पाहत म्हणाले. "रुमाल राहिना ते कोनी दखत नई. तुन्ही मायले वाटी, हाऊ अजून बरा व्हयना नई."

मायला जखम दिसू नये म्हणून तीन महिने हा माणूस घरात, शेतात, लॉजच्या खोलीत रुमाल बांधून हिंडत होता, आणि मी त्याला खानदेशी सवय समजत होते. मला स्वतःचा फार राग आला. दुकानातल्या आरशापुढे मी त्यांना दहा प्रश्न विचारले होते. रंग आवडला का, जड वाटतं का, शोभतं का. कुठे दुखतं का, हे विचारलंच नव्हतं.

आप्पांनी हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. "ब्रेक ढिला राहिना ते मी कधी गाडी डेपोबाहेर काढी नई. आज कशी काढू?" आणि ते शांतपणे जीपमध्ये मागे जाऊन बसले. पायांमध्ये पिशवी, हात गुडघ्यांवर. त्या गाडीरस्त्यावर ते आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवर बसले असतील.

मला ते बघवेना. मी माझं हेल्मेट काढलं, मधल्या मापाचं, आणि जीपमध्ये शिरून त्यांच्या डोक्यावर ठेवलं. भुवयांच्या वर दोन बोटं, बरोबर. चाक दोनदा फिरवलं, बसलं. आतल्या गाद्या चिकटपट्टीच्या असतात, त्यातली कानावरची एक काढून बोटभर पुढे लावली, जखमेवर दाब नको म्हणून. पट्टे कानाच्या खाली जुळवले, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच जागा ठेवली. मग मोगीबाईला म्हटलं, "ढकल."

तिने पुढून ढकललं, मागून ढकललं, दोन्ही बाजूंनी हलवलं. हेल्मेटबरोबर आप्पांचं डोकंच हललं. बाप-लेकीचं माप एकच निघालं.

"दुखस का?" मी विचारलं. "खरं सांगा."

त्यांनी डोळे मिटून डोकं दोन्हीकडे हलवून पाहिलं. "नई. खरंच नई." मग डोळे उघडून, "अन तू?"

"मी जीपमा."

"तू उतराले उनी व्हती."

"मी तुमले उतरतांना दखाले उनी व्हती," मी म्हटलं. त्यांना उतरताना पाहायला आले होते, हे खरंच होतं.

जीपवाल्याला सांगितलं, दम धरून चालव, पुढे जायचं नाही. माझी सायकल टपावर, निळं हेल्मेट माझ्या मांडीवर. पुढच्या काचेतून मला फक्त आप्पांची पाठ दिसत होती. प्रत्येक आंधळ्या वळणाआधी ते घंटी वाजवायचे, जसा गाडीचा हॉर्न वाजवायचे तशी. डावी कड सोडली नाही, ब्रेक एकदम दाबला नाही. मध्ये खालून एस.टी. आली. आप्पा कडेला थांबले, एक पाय टेकला, हात वर केला. त्या तरुण ड्रायव्हरला हा म्हातारा कोण ते काय माहीत, पण त्यानेही हात केला. त्या क्षणी मला माझे वडील फार आवडले.

खाली पोचल्यावर ते सायकलला टेकून उभे राहिले. "तिसरा मोडवर बांबू बोलस, पोरी," म्हणाले. "कुईकुई करस. एकोणीस वरीस माले माहीतच नव्हतं."

घरी मायने दारातच अडवलं. आप्पांनी वाटेत पुन्हा बांधलेला रुमाल सोडला आणि त्यांच्या डोक्यावरून, कपाळापासून मानेपर्यंत, सावकाश हात फिरवला. त्या गुलाबी रेघेवर तिचा हात थांबला. मी सगळं सांगून टाकलं, ढिल्या हेल्मेटपासून रुमालापर्यंत. ती मला रागावली नाही. दुखणं लपवल्याबद्दल आप्पांना एवढंच म्हणाली, "मन्हापाईन काय लपाडतस?" सायकल मात्र त्या दिवशी कडब्याच्या खोलीत गेली नाही, ओसरीवर राहिली.

पुढच्या रविवारी पुन्हा सुरत. हेल्मेटला ओरखडा नव्हता, दुकानदाराने बदलून द्यायचं कबूल केलं. टेप हातात घेऊन तो काही म्हणायच्या आतच आप्पांनी रुमाल सोडला, घडी करून खिशात घातला आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात जखमेवर बोट ठेवून म्हणाले, "भाई, यहाँ दुखता है. यहाँ दबना नहीं चाहिए." माप छप्पन्न. चार हेल्मेटं घालून पाहिली, एकेक पंधरा-वीस मिनिटं डोक्यावर ठेवून. पाचवं घालून ते दुकानाबाहेर उसाचा रस पिऊन आले आणि परत येऊन विचारू लागले, "ते पाचवं कोठे शे?" ते डोक्यावरच आहे हे विसरण्याइतकं नीट बसलं होतं; तेच घेतलं.

तुम्ही हेल्मेट घ्यायला जाल तेव्हा टेपचं काम दुकानदार करीलच. तुम्ही डोक्यावरचं सगळं काढा आणि दुखतं कुठे ते सांगा.

आता ऊन वाढलंय. आप्पा एरवी रुमाल बांधतात, बांधायलाच हवा. पण सायकल काढायची झाली की ओसरीवर, गल्लीकडे तोंड करून, आधी रुमाल सोडतात आणि खुंटीला लावतात. समोरच्या ओट्यावरची माणसं बघतात. आप्पा सावकाश हेल्मेट घालतात, पट्टा लावतात आणि हनुवटी वर करून उभे राहतात. माय येते, पट्ट्याखाली एक बोट घालून बघते, आणि मगच फाटक उघडते.